खंडेनवमीला बॅटरीची आरती

दिवेआगर,
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

चिरंजीव मितेश यास धर्माभावोजींचे भरभरून आशीर्वाद. तिकडे न्हावा शेव्याला तू, सौ. अमिषा आणि तुझे ट्रेलर धडधाकट असतील अशी आशा करतो. इकडे आम्हीही मजेत. फक्त माझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या असल्यामुळे मी सांगतोय आणि तुझी ताई लिहितेय. फोनवर तू अर्धं ऐकून खिदळतोस, आणि शेजारचा चंदर उद्या नारळ घेऊन उरणला चाललाच आहे, म्हणून हे पत्र. नीरा मी सांगेन ते शब्दन् शब्द लिहिणार आहे. (मितेश, कंसातलं सगळं माझं. त्यांना दिसत न्हाय तोवर लिहून घेते. - ताई)

तुला ठाऊकच आहे, खंडेनवमीला आपल्याकडे कोयता, पहार, पंप, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. यंदा मी म्हटलं, वर्षभर पाहुण्यांचे पंखे चालवणाऱ्या इन्व्हर्टरच्या बॅटरीने काय पाप केलंय? तू ती बसवलीस तेव्हा ओटीवर मोकळ्या हवेत ठेवायला सांगितलं होतंस. पण पुण्याचे पाहुणे पैसे मोजून येतात ते काय बॅटरी बघायला? म्हणून मी जिन्याखाली तिच्यासाठी छानसं कपाट करून घेतलं. दार अगदी घट्ट बसतं. (उघडलं की सडक्या अंड्याचा वास यायचा. मी सांगितलं तर म्हणे तुझीच अंडी सडली असतील.)

सकाळी लाईट गेली होती. ती आल्यापासून बॅटरी चार्ज होत होती आणि आतून बुडबुड आवाज येत होता. मला वाटलं, पूजेचा दिवस, खुशीत असेल. पाणी किती आहे ते बघायला मी सगळी बुचं काढली. वर घालायला शहाळ्याचं पाणी तयारच ठेवलं होतं, त्याच्याइतकं शुद्ध पाणी जगात कुठे मिळतं ते मला दाखव! (तांब्या मी हिसकावून घेतला. डिस्टिल्ड वॉटरची बाटली दिली तर म्हणे, सणाच्या दिवशी विकतचं पाणी? एवढे रुसले की बुचं लावायचं राहूनच गेलं.) असो. मग मी झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली आणि वाकून निरांजन ओवाळलं.

फाट्कन आवाज झाला. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या वेळी एवढंच कळलं की अ‍ॅसिड तोंडावर उडालंय आणि डोळ्यांत मिरच्या भरल्यात. मी जराही न डगमगता नीराला बोलावून काय करायचं ते समजावलं. (‘आये गो, मेलो!’ एवढंच समजावलं. बॅटरी बसवताना तू म्हणाला होतास ना, अ‍ॅसिड डोळ्यांत गेलं तर पाणी, पाणी आणि पाणी, तेवढं माझ्या डोक्यात होतं. मानगूट धरून वाडीत नेलं, सदरा कात्रीने कापला, सुपारीला लावलेला पाइप घेतला आणि पापण्या फाकवून अर्धा तास धार धरली. डोळे मिटायला लागले की मी शिव्या घालत होते.)

शिव्यांचं सोड, पण सगळ्या पाहुण्यांसमोर! त्यांतल्या एका बाईंनी तर फोटो काढता काढता विचारलं, तुमच्याकडे खंडेनवमीला यजमानांना अशीच अंघोळ घालतात का? तेवढ्यात चंदर तुपाची वाटी घेऊन आला, थंड पडेल म्हणून. तूप नको तर चुना घालू म्हणाला, अ‍ॅसिडला चुना मारतो म्हणे. (म्हटलं, आधी तुझ्या डोळ्यात घालून दाखव. तो गेला ते थेट रिक्षा घेऊनच आला, ते मात्र बरं केलं. जाता जाता मी ओटीवरचा मेन स्विच पाडला आणि खिडक्या उघडल्या. सांडलेल्या अ‍ॅसिडवर नंतर रबरी हातमोजे घालून खायचा सोडा ओतला, नुसता फसफसला. भज्यांना उरला नाही.)

श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी मला झाडलं आणि हिला शाबासकी दिली. जग असंच आहे. परवा पट्टी निघेल, सगळं ठीक आहे. तू फक्त एक नवी बॅटरी धाड, जरा मोठी. पुढच्या वर्षी बुचं लावूनच ओवाळीन.

तुझा,
धर्माभावोजी

ता. क. मितेश, हे झोपलेत, आता कंस नको. बॅटरी धाडू नकोस, तूच ये. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा वाचला, डाव्याचं पट्टी काढल्यावर बघू. यांना मी ते सांगितलेलं नाही. दिवसभर विचारत असतात, ‘नीरा, डावा जाईल का गं?’ मी म्हणते, काय जात न्हाय, गप पडा. तोंड दिसत नाही म्हणून पटतं त्यांना. परवा पट्टी काढल्याबरोबर पहिलं माझंच तोंड दिसणार रे. तेव्हा बाजूला उभा राहून काहीतरी वाह्यात बोल, म्हणजे मला हसता येईल. फार भीती वाटते. - ताई

ता. क. २. अक्षर वाकडं आहे, डोळ्यांवर पट्टी असताना चाचपडत लिहितोय. नीरा चहा टाकायला गेलीय. मी झोपलो नव्हतो. तुझी ताई लिहिताना प्रत्येक शब्द पुटपुटते, लग्न झाल्यापासून. कंससुद्धा सगळे ऐकले. तिला कळू देऊ नकोस. परवा नक्की ये. डाव्याने दिसो न दिसो, मी दिसतंय असंच म्हणणार आहे. तू तिला धर.