उभी दोरी

सुरत,
२ एप्रिल १९६९

प्रिय दादा,

तुझं कार्ड पोचलं. अखाजीच्या सणाआधी ये, बा आपल्या दोघांची वाटणी करून देतो, पंच म्हणून पंजाबराव येणार अन् दोरीसुद्धा वळून ठेवली, असं तू लिहिलंस. दोरीचं वाचलं अन् समोरची भाकरी मी तशीच झाकून ठेवली. कार्डावर मावणार नाही म्हणून हे पाकीट. घाईत वाचू नको. मायलेही वाचून दाखव, फक्त घाणीचा भाग सोड.

घाणीचा भाग आधीच उरकतो. मागच्या श्रावणात तापी इथं गावात शिरली तेव्हा मी सुखरूप आहे एवढंच कळवलं होतं. पाणी उतरल्यावर आम्ही काय केलं ते लिहायची हिंमत झाली नाही. ज्या गोदामात मी गाठी उचलत होतो ते बंद पडलं, मग मुकादमानं हाती फावडी दिली अन् घराघरातला गाळ उपसायले लावलं. कमरेइतका गाळ, दादा. त्यात फुगलेले उंदीर, कुजलेलं कापड, संडासची घाण, कोणाच्या देवघरातले देव, सगळं एकात एक कालवलेलं. नाकाले फडकं बांधलं तरी वास घशात उतरे. हात राखेनं घासले तरी घासाले तोच वास. शेठ माडीवरून रुमाल नाकाले लावून ओरडे, "ये गंदगी जल्दी निकालो!" जशी काही ती आम्हीच आणून टाकली होती.

माझ्यासोबत गफ्फार असतो, वरवट बकालचा. आपल्याच जिल्ह्यातला, पण घाटाखालचा. एका दुकानात आम्ही शेवटचा थर खरवडत होतो. वरची घाण निघून गेली होती अन् खाली निव्वळ काळी माती लागली. फावडं लोण्यात जावं तसं जाय. मी मूठभर उचलली अन् उगाच पाहत उभा राहिलो. गफ्फार हसला. "काऊन बे घाटावाल्या, वळखली काय? तुह्याच वावरातली असंन. तुमच्याकडं पानी पडलं का आमची पूर्णा काळीभोर होते. पूर्णा तापीत, तापी अठी. तुमी लोक माती खाली सोडून देता, अन् मंग तिच्या मांगं मांगं मजुरीले येता!" सगळे हसले, मीही हसलो. संध्याकाळी नळावर नखं कोरताना मात्र हसू आलं नाही. ती माती आपली होती का नव्हती, कोण सांगावं. पण आपली तिथं उरली नाही एवढं तर मले माहीत होतं.

आबाच्या हाती टेकडीचं वावर एकच होतं, ते तुले माझ्याहून जास्त आठवत असेल. बैल आडवे चालत. पोराच्या कमरेले करगोटा बांधावा तशी टेकडीभोवती नांगराची तासं. पाणी प्रत्येक तासात बसत बसत खाली उतरे. मग आबा गेले अन् बा अन् भगवंतकाका वाटणीले बसले. माथ्यावर मुरूम, खाली नाल्याकाठी काळी. काका म्हणे, "वरचं बरड मी नाही घेत." बा म्हणे, "मंग मी काय गोटे पेरू?" दिवसभर तोच घोळ. शेवटी याच पंजाबरावानं माथ्यापासून थेट नाल्यापर्यंत दोरी धरली. उभी. दोघांच्याही वाट्याले थोडं बरड, थोडी काळी. सगळे म्हणाले, न्याय झाला. मायनं गूळ वाटला. मीही बचकभर खाल्ला. त्या न्यायाची मले आता शिसारी येते, कारण त्या दिवशी सगळ्यांले विचारलं, पाण्याले कोणी विचारलं नाही.

पट्टे झाले चिंचोळे. बैल आडवे घातले की वळायच्या आत काकाच्या हद्दीचा धुरा. म्हणून उभं नांगरणं, उभं वखरणं, उभी पेरणी. टेकडीवर पडलेल्या पाण्याले आपणच दरसाल नवी वाट कोरून दिली. ते आपल्या पट्ट्यात मावेना तेव्हा बानं चारी खोदून काकाकडे वळवलं. काकानं दुसरी चारी खोदून आपल्याकडे. दोघं एकमेकांच्या अंगावर पाणी ढकलत राहिले अन् मधे ही एवढी घळ पडली, जिच्यात मागच्या वर्षी आपली गाय अडकली होती. सरकारचा माणूस बांधबंदिस्तीसाठी आला, म्हणाला बांध आडवाच घालावा लागतो, दोघांच्याही पट्ट्यातून. घातला. तर बाले वाटे बांधाखाली आपली जागा जास्त गेली, काकाले वाटे त्याची. मग दोघांनी कुदळी आणल्या अन् भर दुपारी फोडून टाकला. वाटणीनंतर दोघा भावांनी मिळून केलेलं तेवढं एकच काम. अन् मग बाभळीखाली दोघं एकाच चिमटीतला तंबाखू खात बसले, आठवते? मले तेव्हा वाटलं होतं, मिटलं भांडण. किती खूश झालो होतो मी, मूर्खासारखा.

आता माथ्यावर ज्वारी गुडघ्याच्या वर जात नाही. माय गोटे वेचून वेचून धुऱ्यावर टाकते अन् म्हणते, "या वावराले गोटेच पिकतात बाई." गोटे पिकत नाहीत, दादा. ते तिथंच होते. त्यांच्या अंगावरचं पांघरूण गेलं. बा त्यालेच नशीब म्हणतो अन् पारावर बसून काकाले शिव्या देतो. काका तिथंच दुसऱ्या बाजूले बसून बाले देतो. अन् मी खामगावच्या जिनात गेलो, तिथून भुसावळले कोळसा टाकायले, तिथून इथं, तर पायाले भिंगरी लागलेला मी! घरात भांडं वाजलं की ते माझ्याच नावानं. असू दे. मले एका जागी बसवत नाही हे खरं आहे. पण त्या वावराच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडले गोटे पाहत बसवत नाही, हेही तेवढंच खरं आहे.

अन् आता तू म्हणतोस, त्या पट्ट्याचे आणखी दोन उभे पट्टे. तुझ्या मनात खोट नाही, मी जाणतो. धाकट्याले कमी पडलं असं कोणी म्हणू नये म्हणूनच तुले काळी अन् बरड दोन्ही सारखी वाटायची आहे. पण मग बैलाचं तोंड तुझ्या वावरात अन् शेपूट माझ्या, असं आपण पेरणार काय? उद्या तुझी पोरं काय नुसत्या गोट्यांवर दोरी धरणार?

म्हणून हे लिहिलं, दादा. वाटणी करू नको. माझा हिस्सा मी सोडला. पंजाबरावाले हे पत्र दाखव. सही लागली तर तेवढ्यापुरता येऊन करून जाईन. त्या बदल्यात एकच मागणं. ती दोरी बादलीले बांध अन् स्वतः काकाकडे जा. बाले पाठवू नको, तो दारातच भांडेल. काकाले म्हण, मधला धुरा काढू, घळीत गोटे भरू, तुमची जोडी अन् आमची जोडी मिळून अख्खं वावर आडवं वखरू. पीक आलं की निम्मं-निम्मं. काका शिव्या देईल, ऐकून घे. सुभद्राकाकू चहा ठेवेल, तो पिऊनच ऊठ. पहिलं आडवं तास पडलं की कार्ड टाक, मी गोटे उचलायले येतो. अन् नसेलच जमत, तर माझ्या वाट्याची काळजी करू नको. तो दरसाल पुरासोबत इथंच येईल. मी फावड्यानं उचलून घेईन.

तुझाच, पाठीवरचा,
रंगा