पाळीवर धम्मू आला

रायपूर

आदरणीय वच्छलाताई,
मानाचा जयभीम.

आम्ही बरे आहोत. मोटार वायंडिंगचं दुकान नीट चालतं. कोणाच्या हाताखाली न शिकताही मी तार भरलेली मोटार पुन्हा बिघडून परत येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तुझा गुडघा कसा आहे? धान घरी आलं का?

पुढच्या महिन्यात अड्याळला येतो आहोत. त्याआधी तुला एक सांगायचं आहे. नातीला, खुशबूला, मी संध्याकाळी पायांवर झुलवतो आणि आईचं गाणं म्हणतो. 'तलावाच्या पाळीवर, बांधावर कोण आला?' असं विचारून लेकराचं नाव घ्यायचं, तेच. तुझा धम्मू तापात गेल्यापासून आपल्यात ते कोणी म्हटलं नव्हतं. त्याला मीच झुलवायचो, म्हणून पहिल्याच दिवशी तोंडातून 'धम्मू आला' निघालं. पोरगी खदखदून हसली.

दुसऱ्या दिवशी मी तिचं नाव घातलं. माझ्या हातून चूक तशीच राहत नाही. तर ती माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणते, "आबा, तुमले येतच नाही! धम्मू आला म्हना!"

आता ती शब्द बदलू देत नाही. जेवताना, आंघोळीला, दिवसभर तेच म्हणते. तुझ्या अंगणातही म्हणेल.

तुला सोसणार नसेल तर कळव, मी एकटा येईन. मी जोर केला असता तर नाव बदललं असतं, ताई. पण त्याला कोणीतरी हाक मारतं, ती ऐकायला मी हल्ली दुकान लवकर बंद करतो.

भाऊजींना जयभीम.

तुझा भाऊ,
परसराम