जड झालेली पिल्लं

माय,

आपल्या स्वयंपाकघरात चुलीमागे टोपल्याखाली कोंबडी अंड्यांवर बसलेली असायची. एकदा त्यातलं एक अंडं उचलून मी कानाला लावलं, तर तू भाकर थापता थापताच म्हणालीस, "ठेव ते खाली. काहून सतावतं त्याले? त्याचं ते वाढून राहिलं आतमंधी." मी ठेवलं. आता अकोल्यात प्रयोगशाळेत माझी नोकरीच अंड्यांना प्लाझ्मात धरून सतावण्याची आहे. प्लाझ्मा म्हणजे, तुला सांगायचं तर, विजेच्या जोराने हवेत उठवलेला जांभळट उजेड. बोट धरलं तरी भाजत नाही. अंडी उबवायला ठेवण्याआधी त्यात थोडा वेळ धरायची. जास्त झालं तर पिल्लू कवचातच मरतं, नेमकं जमलं तर पुढे झपाट्याने वाढतं. खूप अंडी वाया गेल्यावर आम्हाला ते जमलं.

प्रयोगशाळेबाहेर ही पिल्लं कशी वाढतात ते बघायचं होतं, म्हणून मी ती बार्शीटाकळीला धाकट्याच्या शेडमध्ये नेली. शेजारच्या जाळीत साधी पिल्लं ठेवली. आमच्यातलं एक उचलून तो हसला, "ताई, हे तं हातात मावून नाही राहिलं." त्याला इतका हसताना मी तू गेल्यापासून पाहिला नव्हता. मग मे महिना आला. एका दुपारी वीज गेली आणि पंखे थांबले. साधी पिल्लं चोच उघडून धापा टाकत उभी होती. आमची, अंगाने जड झालेली, पोट भुईला टेकून बसली. आम्ही गोणपाटं भिजवून टांगली, पुठ्ठ्यांनी वारा घातला. संध्याकाळपर्यंत आमचं एकही उरलं नाही. खड्डा खणताना धाकट्याने एवढंच विचारलं, "पुढच्या खेपीले उन्हाचं काही करता येईन ना?"

"येईन," मी म्हटलं.

पुढची खेप नाही, माय. इथल्या उन्हात वजनदार पक्षी टिकत नाहीत, असं वरिष्ठांनी शांतपणे सांगितलं आणि काम बंद केलं. यंत्र दुसऱ्या विभागात गेलं. त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. धाकट्याने मात्र शेड झाडून, चुना मारून ठेवलं आहे. काल त्याचा फोन आला. तो वाजायचा थांबेपर्यंत मी नुसती बघत बसले. तुला लिहिते आहे, कारण तू काही विचारणार नाहीस.