भिंतीपल्याडची हळद

३ एप्रिल
लागली बाप्पा नोकरी! भिलाई-३ मध्ये आमच्या घराच्या मागच्या भिंतीले लागूनच एक खाजगी केंद्र आहे, तिथं कुत्र्यायच्या मेंदूवर संशोधन चालते. मी त्यायचा सांभाळ करणारा. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून रोज म्हणून राहिले होते, हेमराज, कायतरी कर. घ्या आता! याच महिन्यात उन्नतीचं लग्न. बहिणीच्या लग्नात मी रिकामा फिरलो असतो तर नाकच कापलं गेलं असतं. साहेबीण म्हणजे उर्वी मॅडम, लय हुशार, पण बोलते साधी. कुत्र्यायपैकी भुऱ्या माझा लाडका झाला.

५ एप्रिल
आज मशीन पाह्यली. कुत्र्यायच्या टाळूतून आत बारीक तार सोडली आहे. मॅडमनं समजावलं, मेंदूच्या बुडाशी एक बारकीशी जागा असते, भूक, तहान, राग सारं तिथून हलते. बटण दाबलं अन् भुऱ्यानं गवताच्या पुतळ्याचं पोट फाडलं. बटण सोडलं तर माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसला! मॅडम म्हणे, त्याले राग आलाच नव्हता, आपण पाठवला. मले हसू आलं अन् भेवही वाटलं.

९ एप्रिल
तारेभोवती जखमा चिघळल्या. मलम काही येऊन नाई राहिलं. मग घरून हळद तेलात कालवून नेली. गावी बाबा बैलाच्या खांद्याले हेच लावत. आता रोज सकाळी मी हळद लावतो, मग मॅडम बटण दाबते. जखमा भरून राहिल्या. मॅडम हसली, पण नको नाई म्हटलं.

१५ एप्रिल
आज बटण कोणी दाबलंच नाई. तारा अजून जोडायच्याच होत्या. मी काळ्या कुत्रीले हळद लावली अन् भुऱ्यानं तिचं नरडं धरलं. मी काठी घातली, लाथा घातल्या, सोडेना. हाड मोडल्याचा आवाज आला. हळदीच्या वाटीत रक्त.

मॅडम म्हणे, मेंदूनं हळदीचा वास अन् करंट एकत्र बांधून टाकले, आता वासच बटण झाला. खूश होती ती! असा संताप आला मले. कुत्रीले मी एकट्यानं पुरलं.

१८ एप्रिल
मॅडमले सांगितलं, सोमवारी भिंतीपल्याड माझ्या बहिणीची हळद आहे, कुत्रे हलवा. म्हणे गाडी मंगळवारी येईल, जाळी पक्की आहे. बाबाले सांगितलं तर भडकले, कुत्र्यायसाठी मुहूर्त बदलते काय? उन्नती चिडवून राहिली, भुऱ्याले पंगतीत बसव म्हणे. मायेचं माणूस थट्टा करते अन् माझा जीव थाऱ्यावर नाई.

२१ एप्रिल, सकाळ
मांडवात बाया हळद दळून राहिल्या. वारा भिंतीकडं. पलीकडं भुंकणं नाई, नुसती जाळी वाजून राहिली. पाहून आलो. दात मोडले त्यायचे, तरी जाळीची तार चावून राहिले. मॅडम फोन उचलत नाई—

दुपार
उन्नतीले कपाळापासून नखापर्यंत हळद लागली. धू म्हटलं तर आई ओरडली, नवरीची हळद धुतात काय, अपशकुन—
जाळी वाजायची थांबली.

जाळी तोडून कुत्रे भिंतीवरून मांडवात घुसले. मी मागच्या खोलीत आहे. कांता आत्या मांडवात पडली, गळा नाई राहिला. बाबा तिले ओढायले गेले, त्यायच्या मांडीचं मांस— आई शेजाऱ्यायकडं पोचली, पाह्यलं मी.
उन्नतीले मोरीत ढकललं, आतून कडी लावायले सांगितली. पाणी ओतून राहिली. हळद निघत नाई, ओल्यानं वास आणखीनच सुटून राहिला.

खोलीच्या दाराची फळी फुटली. भुऱ्या आहे. हाक मारली. शेपूट हलवली त्यानं. अन् पुन्हा दात—

जे कोणी याल, आधी हे वाचा. आंगाले हळद असली तर आत येऊ नका. उन्नती मोरीत आहे, जिवंत आहे.

इथं खोलीत परातभर हळद उरली होती. सारी डोक्यावरून ओतून घेतली. बाजूच्या दारानं रेल्वे लाइनीकडं पळतो, सारे माझ्या मागं येतील. उन्नती रडून राहिली, दादा जाऊ नको म्हणते. लय भेव वाटते वं उन्नती. पण कडी काढू नको, मी परत येईपर्यंत कडी—