खिशात मावणारं पिस्तूल

डोळखांब, मार्गशीर्ष

चि. सौ. भागीरथी, तुला आणि पोरांना माझा आशीर्वाद.

पिस्तूल घेतलं गो. मोठं घेतलं असतं तर कोट एका बाजूला ओघळला असता. हे लहान, खिशात घातलं की शेजारी बसलेल्यालाही कळत नाय. तेव्हा मी इथे रानात एकटा म्हणून जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

डॉक्टरने सांगितलेलं सकाळचं चालणं होतं आणि नेमही बसतो. आपला गडी वाळू हातात करवंटी धरून समोर उभा राहतो आणि मी ती गोळीने उडवतो. पहिल्या दिवशी लटलट कापत होता, मला फार हसू आलं. काल त्याची करंगळी गेली. डाव्या हाताची होती, लाकूडतोड अडत नाय.

धाकट्याचा खोकला कसा आहे? भात झोडून झालं का?

गडी कमरेचा कोयता अंगणात ठेवतात आणि मगच आपल्या पडवीत पाय टाकतात, हे तू पाहिलंच आहेस. आज वाळू कोयत्यासकट आत आला. करवंटी धरून उभा राहिला. हात जरासुद्धा हलला नाय.

आज मी फिरायला गेलो नाय. पोरांना घेऊन सध्या इकडे येऊ नकोस.

तुझा,
जयराम