कामवालीच्या तोंडी तुझी बोली

माय, तू असतीस तर पहिला प्रश्न हाच केला असतास, की सध्या काय पाहून राह्यली. तब्येत, नोकरी, जावई हे सगळं मागून. म्हणून तिथूनच सुरू करते. आता मालिका पाहायला कुणाच्या दारात जाऊन बसावं लागत नाही. घरातल्या टीव्हीवर नाहीतर हातातल्या फोनवर हवी ती लावायची, हवी तेव्हा बंद करायची. एका मालिकेचे सगळे भाग एकाच दिवशी येऊन पडतात, उद्यापर्यंत जीव टांगून ठेवायची भानगडच नाही. तू म्हणाली असतीस, मंग दुसऱ्या दिवशी सांगाले काय उरते! खरं आहे, फारसं काही उरत नाही. तरी माणसं विचारतातच, काय पाहू, आणि इथे तेलंगणात, आमच्या गुडीहत्नूरच्या शाळेत, ती मलाच विचारतात. सुट्ट्या जवळ आल्या की स्टाफरूममध्ये सुरू होतं, "मॅडम, एखादी चांगली सिरीज सांगा ना, रडकी नको." मी सांगते. कुणाला खुनाची, कुणाला हसायची, हेडमास्तरांना घरच्यांसोबत मान खाली न घालता पाहता येईल अशी. मी सांगितलेली सहसा फसत नाही. त्याचा मला तोरा आहे, तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

हा गुण तुझाच. मास्तरीणबाईंच्या घरी तू मालिका पाहायचीस, उंबऱ्याच्या अलीकडे बसून, अर्धं लक्ष पडद्यावर आणि अर्धं त्यांनी निवडायला दिलेल्या तुरीवर. दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना तीच मालिका तू ओळीतल्या बायांना सांगायचीस. मला ते आजही दिसतं: तू पुढे, कमरेला ओटी बांधलेली, हात बोंडांवर चाललेले आणि तोंड मालिकेवर. मालिका हिंदी, तुला हिंदी निम्मी कळायची, उरलेली निम्मी तू स्वतःच रचायचीस. बंगल्यातली सासू दागिन्यांनी मढलेली जिन्यावरून उतरायची आणि तुझ्या तोंडून म्हणायची, "काऊन वं सुने, कुठं जाऊन राह्यली?" ऐन रंगात आलं की तू गप्प व्हायचीस, ओटी सोडून कापूस गाठोड्यात रिकामा करायला जायचीस, आणि मागून बाया ओरडायच्या, "सांग नं वं, आता का जीव घेतं आमचा!" एकदा मी मध्ये बोलले. शाळेत जायला लागले होते, शहाणी झाले होते. म्हटलं, माय, ती सासू असं नाही बोलली, ती हिंदीत बोलली. तू वळून पाहिलंस आणि म्हणालीस, "बरं, मंग तू सांग. पाह्य कोन आयकते तं." सगळ्या बाया हसल्या. मला फार राग आला होता तुझा.

आता मुद्द्यावर येते, किती वेळ टाळू. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक मराठी मालिका आली. शहरातलं बडं घर, भावाभावांची भांडणं, आणि त्या घरात काम करणारी एक बाई. घरातले सगळे पुस्तकासारखं बोलतात. ती बाई तेवढी आपल्यासारखं बोलते. काऊन, कायले, करून राह्यली, सगळं. ती आली की मागे "टुंई" असं काहीतरी वाजतं, म्हणजे आपण समजायचं की आता हसायचं आहे. मी हसले. थोडीथोडकी नाही, पोट धरून हसले. आणि शाळा उघडल्यावर सगळ्यांना सांगितलं, पाहाच, बाकी काही नाही तरी त्या कामवालीसाठी पाहा. तिची नक्कल करून दाखवली. ती मला हुबेहूब जमते, न जमायला काय झालं! एका सरांनी हसत हसत विचारलं, "मॅडम, तुम्ही मराठी लोक घरी असंच बोलता का?" मी म्हटलं, "छे हो, ते खेड्यातले लोक. आमच्याकडे नाही." हे बोलताना मला काहीच वाटलं नाही, माय. जीभ चाचरली नाही. लाज वाटायला हवी होती तेव्हा ती वाटली नाही, ह्याचीच आता जास्त लाज वाटते.

आमच्या शाळेत एक तेलुगू टीचर आहेत, बेज्जूरकडच्या. मी सांगितली म्हणून त्यांनीही ती मालिका लावली, तेलुगू आवाजातली. दोन-चार दिवसांनी डबा खाताना मी विचारलं, कशी वाटली? त्या म्हणाल्या, "अर्ध्यातच बंद केली, अक्का. तेलुगूत त्या कामवालीला आमच्या तेलंगणाकडची बोली दिलीय. बाकी घर चांगलं बोलतं, तीच तेवढी आमच्यासारखी. माझी अम्मा तशीच बोलते. नाही पाहवलं." त्या चिडल्या नव्हत्या, लाजल्याही नव्हत्या. भाजी वाढता वाढता सहज बोलून गेल्या. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अहो, कॉमेडी आहे ती, इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं." त्यांनी मान हलवली आणि मला लोणचं दिलं. मला वाटलं, फारच हळवी बाई आहे ही.

त्यानंतर मावशी आली. तुझी धाकटी बहीण, गुडघे दाखवायला मुधोळकडून माझ्याकडे आदिलाबादला आली होती. तिचा आवाज तुझाच आहे, तुला माहीतच आहे. ती स्वयंपाकघरात "वो पोरी, मीठ कुठं ठिवून राह्यली?" म्हणून हाक मारायची आणि माझ्या हातातला चमचा जागीच थांबायचा. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझं बोलणं त्या एका बाईच्या तोंडी अजून जिवंत होतं. दुपारी तिला करमेना, तेव्हा मी म्हटलं, थांब, तुला एक मस्त मालिका लावून देते. आता तूच सांग, मला काय बुद्धी सुचली असेल! खरंच सांगते, तिला दुखवावं असं मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. चांगली मालिका, सगळ्यांना आवडली, हिलाही आवडेल, एवढंच.

पहिल्यांदा ती कामवाली बोलली तेव्हा मावशी पलंगावरून पुढे सरकली. "आता गं बया! हे तं आपल्यावानी बोलते! टीव्हीत!" तिचा चेहरा असा उजळला, जसं कुणी माहेरचं माणूस अचानक दारात यावं. आजवर कुठल्याच मालिकेत तिनं आपली बोली ऐकली नव्हती. त्या बाईच्या प्रत्येक बोलण्याला ती "हाव नं, बराबर" म्हणून उत्तर देत होती. जरा वेळानं मला म्हणाली, "थे बोलली का, टुंई काऊन वाजते?" मी म्हटलं, उगीच वाजतं, संगीत आहे. "मंग मालकीन बोलली तं काऊन नाही वाजत?" मी उठले आणि चहा ठेवायला गेले. तिथूनच ऐकत होते. ती बाई बोलायची, टुंई वाजायचं, आणि मावशीचं "हाव नं" काही येत नव्हतं. चहा घेऊन आले तर मावशी टीव्हीकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होती. "तुले हासू येते काय ह्याचं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही गं. माय, तुझ्या बहिणीला माणसाचं तोंड वाचता येतं. ती चहा बशीत ओतून प्यायली आणि म्हणाली, लाव पुढचं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या तर मावशी त्यांना म्हणाली, "या, बसा. कशाला उभ्या राहता?" कशाला! तिच्या तोंडून मी उभ्या जन्मात 'कायले'च ऐकलं होतं, 'कशाला' कधीच नाही. एकेक शब्द ती जपून, चाचपत टाकत होती, ओल्या फरशीवर पाय टाकावा तशी. वहिनी गेल्यावर मी म्हटलं, मावशी, असं काय बोलतेस, आपलं बोल ना. ती म्हणाली, "तुझ्या घरी चार शिकलेले लोक येतात. तुला खाली पाहावं लागायला नको." तुले नाही म्हणाली, तुला म्हणाली. मी तिचा हात धरून सांगायला हवं होतं की चूक माझी आहे, टुंई वाजवणाऱ्यांची आहे, तुझी नाही. मी म्हटलं, तसं काही नाही गं, आणि भाकरी थापायला बसले. चार दिवसांनी तिला बसमध्ये बसवून दिलं. आता फोनवरही ती तशीच बोलते. "हॅलो, मी मावशी बोलत आहे. तू कशी आहेस?" मी मुद्दाम म्हणते, काय करून राह्यली वो मावशी? पलीकडून उत्तर येतं, "काही नाही, बसले आहे." जेवढी मी आपल्यासारखं बोलते, तेवढी ती जास्त शुद्ध होते. तिला वाटतं मी तिचीच नक्कल करते आहे. तसं वाटण्याला तिच्याजवळ कारण आहे. तुझं बोलणं ऐकायला माझ्याकडे तेवढी एकच जागा होती, माय, आणि ती मी माझ्या हातानं बंद केली.

हे सगळं मी शाळेच्या भाषेत लिहितेय, तेही तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझ्यासारखं लिहायला गेले तर हात अडतो, शुद्धलेखन चुकल्यासारखं वाटतं. पाठवायचं तर कुठेच नाही. मावशीला वाचून दाखवीन असं एकदा वाटलं होतं, पण ती ऐकून "छान लिहिले आहेस" म्हणेल, आणि ते मला सोसवणार नाही. एक राहिलं, ते सांगून थांबते. त्या मालिकेचा दुसरा सीझन आलाय. शाळेत सगळे विचारून राह्यले, कसा आहे. मी म्हटलं, पाहिला नाही. खरं म्हणजे रविवारी एकटी असताना पाहिला. ती बाई बोलली, टुंई वाजलं, आणि माय, मला हसू आलं.