पाकिटावरचं नाव

अहेरी, होस्टेल

प्रिय आई, जयभीम.

माझा ताप उतरला, फिकर करू नको. जेवण बरं आहे. शेळी व्याली का? हे पत्र शेजारच्या नागसेनकडून वाचून घेऊ नको, हळूहळू तूच वाच. फोनवर सांगणार होती, पण मागं पोरींची लाइन असते.

लायब्ररीतून गुलामांवरची एक कादंबरी आणली. जुन्या काळची, दूर देशातली. त्यात मालक विकत घेतलेल्या बाईले आपल्या मनानं दुसरं नाव ठेवते. तिचं खरं नाव तिच्या पोरीलेही मालूम नसते. तिथंच मी पुस्तक बंद केलं.

मागच्या वर्षी तेलंगणातून मिरची तोडून आली तेव्हा तू सांगितलं होतं, तिथला मालक सगळ्याच बायांले लक्ष्मी म्हणते. तू हासत होती, मी पण हासली होती. आता हासू येत नाई. तुम्ही गुलाम नाई, मले समजते. पण मधातच घरी यायचं म्हटलं तर येऊ देते का तो? खरं सांगजो.

यंदा गेली तर त्याले सांगजो, माझं नाव सुजाता आहे म्हणून.

पाकिटावर मी दरवेळी बाबाचं नाव टाकत होती. या वेळी तुझंच टाकलं, मोठ्या अक्षरात.

तुझी पोरगी,
रिना